फेडलं, पण फिटलं का?

॥ श्री गुरवे नमः ॥



गेल्या गुरुवारी आरतीनंतर एक प्रश्न निघाला. एका घरात थोरल्या बहिणीने १९९० साली धाकट्या भावाला हुबळीत जागा घ्यायला दहा हजार रुपये दिले. लिहून काहीच ठेवलं नव्हतं. आता भाऊ म्हणतो, "अक्का, हे घे तुझे दहा हजार." अक्का काही बोलली नाही, पण पैसे हातात घेतले नाहीत. चुकलं कोणाचं?

आकडा बघितला तर भाऊ बरोबर आहे. पण १९९० साली सोनं दहा ग्रॅमला साधारण बत्तीसशे रुपये होतं. म्हणजे अक्काने तीन तोळे सोनंच दिलं म्हणा ना! आज त्या पैशात एक ग्रॅमसुद्धा येत नाही.

आपल्याकडे जे तीस-पस्तीस वर्षांत हळूहळू झालं, ते जर्मनीत बघता बघता झालं. युद्धानंतर सरकार नोटा छापतच सुटलं. १९१४ साली एका डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी! ज्यांनी घर गहाण ठेवून कर्ज काढलं होतं, त्यांनी ते पाव-बिस्किटाच्या पैशात फेडून टाकलं. कायद्याने मार्क म्हणजे मार्क. ज्यांनी विश्वासाने पैसे दिले होते, ते म्हातारपणी कंगाल झाले. शेवटी तिथलं वरचं न्यायालय म्हणालं, ही फेड खरी नव्हे. १९२५ च्या कायद्याने गहाणाच्या मूळ किमतीचा चौथा हिस्सा तरी देणं भाग पडलं.

दौलताबादला राजधानी नेणाऱ्या महंमद तुघलकाला आपण वेडा म्हणतो. त्याने १३२९ च्या सुमारास चांदीच्या टंक्याच्या किमतीने तांब्या-पितळेची नाणी चालवली. लोकांनी घरोघरी खोटी नाणी पाडली आणि बाजार बसला. पण नाणी परत घेताना त्याने खजिन्यातून सोनं-चांदी मोजून दिलं. चूक केली, पण शब्दाची किंमत स्वतः भरली.

पैसा म्हणजे शेवटी शब्दच. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आपण सगळ्यांनी डाळीच्या डब्यातल्या नोटा बाहेर काढल्या, आठवतं ना? कागद तोच होता, फक्त त्यामागचा शब्द काढून घेतला होता.

भाऊ म्हणेल, "महागाई काय मी केली?" नाही केली, खरं आहे. पण त्याच महागाईत त्याच्या जागेची किंमत वाढली आणि अक्काचे पैसे विरघळले. वाढ एकाची आणि घट दुसऱ्याची, असं वाटप दोघांनी कधी ठरवलं होतं?

अक्कानेही सावकारासारखं व्याज लावू नये. ती घरची आहे, पेढीवरची नव्हे. पण तिने मागण्याआधी भावाने विचारावं: "अक्का, तेव्हा तू काय मोडून दिलं होतंस?" त्यावर जे उत्तर येईल, ते खरं कर्ज. सगळं देणं झेपत नसेल तर तसं स्पष्ट सांगावं आणि जमेल तेवढं द्यावं. आकडा पुढे करून गप्प बसवू नये.

*या आठवड्याचा नेम:* आपल्या घरात असं न लिहिलेलं कोणाचं देणं आहे का, ते आठवा. असेल तर पहिला फोन आपण करायचा.

गुरुकृपा सर्वांवर राहो. 🙏