हलत्या फळीचा न्याय

पायाखालचा आधार ढळला तर दोष कोणाचा? उभे राहणाऱ्याचा, आधार उभारणाऱ्याचा, की कोणाचाच नव्हे? प्रश्न जुना आहे. परंतु तो नव्याने तपासून पाहण्याची सोय मुलांच्या एका खेळाने करून दिली आहे. पडद्यावरच्या या खेळात एक चिमुकला वीर असतो आणि त्याला दरी ओलांडून पलीकडे जावयाचे असते. दरीवर अधांतरी फळ्या असतात. काही मागेपुढे वा खालीवर सरकतात. काही पाय पडताच थरथरतात आणि क्षणभराने कोसळतात. जपानातील निन्टेंडो कंपनीच्या १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’मध्ये असे खालीवर जाणारे पाळणे होते. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये तर दोरीच्या दोन टोकांस बांधलेल्या फळ्यांची जोडी आहे. एकीवर उभे राहिले की ती खाली जाते व दुसरी वर चढते; वीर तेथेच रेंगाळला तर दोरी तुटून दोन्ही फळ्या दरीत जातात.

या फळ्यांवरून शंभरदा पडूनही मूल खेळाला अन्यायी म्हणत नाही, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. याची कारणे तीन दिसतात. पहिले असे की, खुणेचा अर्थ बदलत नाही. जी फळी थरथरून पडते ती आजही तशीच पडते आणि उद्याही. दुसरे असे की, पडणाऱ्यास पुन्हा संधी मिळते. पहिल्या पडण्याने शिकविलेले दुसऱ्या उडीत उपयोगी पडते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण हे की, फळीच्या मागे एक माणूस आहे. ती थरथर म्हणजे त्या कर्त्याने खेळणाऱ्यास दिलेला शब्द होय. एखाद्या खेळात कसलीही खूण न देता फळी नाहीशी झाली तर मूल चिडते, आणि ते चिडणे रास्त असते. कारण तेथे शब्द मोडलेला असतो. शब्द पाळला गेला असेल तरच “वेळेवर उडी का मारली नाहीस?” हा प्रश्न विचारण्याचा अधिकार पोचतो.

आता खेळ बाजूस ठेवून खऱ्या जमिनीकडे वळू. आपल्या कोशांत पृथ्वीला ‘अचला’ असे नाव आहे, आणि मराठवाड्याने ते नाव अक्षरशः खरे मानले होते. दख्खनच्या काळ्या पाषाणाचा हा प्रदेश. भूकंपाच्या सरकारी नकाशातही तो सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास ही अचला हलली. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. लातूर जिल्ह्यातील किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद व आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि भोवतालची गावे काही क्षणांत मातीस मिळाली; आठ ते दहा हजार माणसे गेली.

या संकटाचा एक विशेष असा की, फळी आधी थरथरली होती. ऑगस्ट १९९२ पासून पुढील मार्चपर्यंत किल्लारीच्या परिसरात लहानमोठे शंभराहून अधिक धक्के बसले होते. मग जमीन शांत झाली. यावरून “सूचना मिळूनही लोक सावध झाले नाहीत” असे म्हणणारे कधी कधी भेटतात. आम्हांस हे म्हणणे केवळ कठोर नव्हे, तर अन्यायाचे वाटते. खेळातील थरथर हा शब्द असतो. जमिनीची थरथर हा शब्द नव्हे. अनेक ठिकाणी असे धक्के महिनोन्महिने बसतात आणि काहीही न होता विरून जातात. कोणती थरथर पोकळ आणि कोणती काळाची, हे आजचे शास्त्रही आगाऊ सांगू शकत नाही. मग दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसाने ते कसे ओळखावे? तो कायमचा उघड्यावर कसा निजणार? पाऊल टाकल्यावाचून जगता येत नाही, आणि पाऊल टाकणे म्हणजे विश्वास ठेवणेच. ज्या खुणेचा अर्थ कोणासच लागत नाही, ती न वाचल्याचा दोष मृतांच्या माथी मारता येणार नाही.

तर मग दोष कोणाचाच नाही काय? १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा व्हॉल्टेअरने काव्य लिहून जगाच्या मंगलतेवरच प्रश्नचिन्ह उभे केले. रूसोने त्यास पत्राने उत्तर धाडले. त्याचा एक मुद्दा असा होता की, ती उंच, दाटीवाटीची घरे काही निसर्गाने बांधली नव्हती. हा मुद्दा किल्लारीसही लागू पडतो. तेथील घरे माळवदाची होती. उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून लाकडांवर मातीचा जाड थर, आणि खाली दगडमातीच्या रुंद भिंती. या भिंतींचे आतले व बाहेरचे दगड एकमेकांत गुंतविणारे आरपार दगड बहुधा नसत. धक्का बसताच भिंतीच्या दोन बाजू फाकल्या आणि माथ्यावरचा भार निजलेल्यांवर आला. जमीन हलली खरी, परंतु जीव घेतला तो छपराने.

यात बांधणाऱ्याचा दुष्टावा नव्हता. वाडवडिलांनी उन्हाशी लढण्यासाठी शोधलेली ती युक्ती होती. तरीही विवेचनाचा धागा येथेच हाती लागतो. निसर्ग वचन देत नाही, म्हणून तो विश्वासघातही करीत नाही. पृथ्वीला कृतघ्न म्हणणे हे काव्य झाले. घर मात्र वचन देते. पूल देतो, शाळेची इमारत देते, धोक्याचा नकाशाही देतो. जेथे आधार माणसाने उभारला आहे, तेथे न्याय मागता येतो.

खेळातील वीरास दुसरा जन्म मिळतो. किल्लारीच्या मृतांस तो मिळाला नाही. म्हणून त्यांच्या पडण्यातून शिकण्याची पाळी मागे राहिलेल्यांची आहे. काही अंशी ते शिक्षण झालेही. बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली, अनेक जुन्या घरांस बळकटी देण्यात आली, आणि २००२ साली सुधारलेल्या नकाशात किल्लारीचा प्रदेश वरच्या धोक्याच्या पट्ट्यात घातला गेला. परंतु २०२४ च्या मार्चमध्ये व पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात उगम पावलेल्या धक्क्यांनी नांदेडपर्यंतची घरे हलविली. ही थरथर पोकळ की काळाची, हे कोणी सांगू शकत नाही. आपल्या माळवदाखाली काय आहे, हे मात्र पाहता येते. न कळणाऱ्या गोष्टीबद्दल माणूस निर्दोष असतो. कळूनही केले नाही, याबद्दल तो निर्दोष राहत नाही.