बेथलेहेम तीन कोसांवर होते

(शास्त्रपाठ : मीखा ५:१–५, मत्तय २:१–१२)



ख्रिस्तजयंतीचे दिवस जवळ आले म्हणजे आपल्या मंडळ्यांत मीखा भविष्यवाद्याचे बेथलेहेमविषयीचे वचन वाचण्याचा प्रघात आहे. शब्बाथशाळेतील लहान मुलेसुद्धा ते न अडखळता म्हणून दाखवितात. यहूदाच्या घराण्यांत जे गाव मोजणीतही येण्यासारखे नव्हते, त्यातून इस्राएलाचा अधिपती निघेल, असा त्याचा आशय आहे. वचन इतके परिचयाचे झाले आहे की त्याविषयी विचार करण्याची गरज आपणांस वाटेनाशी झाली आहे. मला मात्र ते वाचताना दर वेळी एका गोष्टीपाशी थांबावे लागते. ती गोष्ट मीखाच्या पुस्तकात नसून मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तिच्याकडे आपण येऊच. आधी हा मीखा कोण, ते पाहिले पाहिजे.

आपले उपदेशक बाजाराच्या गावी सुवार्ता सांगत असता कोणी तरी विचारतो, "भविष्य तर आमचा जोशीही सांगतो, मग तुमच्या शास्त्रात निराळे ते काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मीखाच्याच पुस्तकात आहे. पैसे घेऊन शकुन सांगणारे, आणि तोंडात घास पडला की "सर्व कुशल आहे" असे म्हणणारे भविष्यवादी त्याच्याही काळी होते. तिसऱ्या अध्यायात त्याने त्यांची कडक शब्दांत हजेरी घेतली आहे. जोशी विचारणाऱ्याच्या मनाजोगते सांगतो आणि दक्षिणा घेऊन घरी जातो. मीखाला तसे सांगण्याविषयी कोणी बोलाविलेच नव्हते. तो राजधानीतील अधिकाऱ्यांना तोंडावर सांगे की तुम्ही प्रजेची कातडी सोलता, रात्री अंथरुणात पडून दुसऱ्याचे शेत कसे बळकवावे याचा बेत करता आणि उजाडताच तो तडीस नेता. अशा भविष्यास दक्षिणा कोण देईल?

मीखा हा खेड्यातला मनुष्य होता. त्याचे गाव मोरेशेथ हे यरुशलेमेच्या नैऋत्येस, गथ नगराच्या बाजूला, सखल मुलखात होते. योथाम, आहाज व हिज्कीया या राजांच्या काळात, म्हणजे ख्रिस्तापूर्वी सुमारे सातशे वर्षे, तो बोलला. त्याच काळी अश्शूरी लोकांचे बळ वाढले, इ. स. पूर्वी ७२२ च्या सुमारास शोमरोन पडले आणि ७०१ साली सन्हेरीब राजा यहूदावर चालून आला. यहूदाची तटबंदीची ४६ नगरे आपण घेतली, असे त्या राजाने स्वतः लिहून ठेविलेले आहे. फौजा आल्या म्हणजे पहिला मार सखल मुलखातील खेड्यांना बसतो, आणि मीखाच्या पहिल्या अध्यायात अशा गावांची नावे घेऊन एकेकासाठी विलाप केलेला आहे. ज्यांची नावे राजधानीत कोणाच्या तोंडी नसतील त्या गावांना देवाचा सेवक नावाने ओळखत होता, हे आपल्यासारख्या खेडेगावच्या लोकांनी मनात धरून ठेवावे.

अशा मनुष्याच्या मुखाने परमेश्वर तारणाऱ्याचे ठिकाण सांगतो, आणि ते यरुशलेम नाही. राजवाडा, मंदिर, तट, सर्व टाकून बोट दाखविले जाते ते दाविदाच्या जुन्या गावाकडे, जेथे तो मेंढरे राखीत होता.

कोणी म्हणेल, ही वचने ख्रिस्ती लोकांनी मागाहून लिहून घातली असतील. या शंकेस एक ठळक उत्तर देवाने आपल्या काळात दिले आहे. सन १९४७ च्या सुमारास मृत समुद्राच्या काठी कुमरान येथे धनगर अरबांना एका गुहेत मडक्यांत ठेविलेल्या प्राचीन गुंडाळ्या सापडल्या, आणि त्या विकण्यासाठी त्यांनी नेल्या कोठे, तर बेथलेहेमच्या बाजारात! त्यांपैकी एक गुंडाळी मीखाचा समकालीन जो यशया त्याच्या पुस्तकाची आहे. चामड्यावर लिहिलेली, सुमारे २४ फूट लांब, आणि तीत सहासष्टही अध्याय आहेत. दुःख सोसणाऱ्या सेवकाविषयीचा त्रेपन्नावा अध्यायही तीत आहे. प्रभूच्या जन्मापूर्वी सुमारे शंभर वर्षे किंवा त्याहूनही आधी ती लिहिली गेली, असे विद्वानांचे मत आहे. मात्र यावरून कोणी उपदेशकाने भलताच जोर करू नये. वचन ख्रिस्ताच्या आधीचे आहे इतकेच गुंडाळीने ठरते; ते वचन येशूठायी पूर्ण झाले, हे जाणण्यास चामड्याचा पुरावा पुरत नाही. ही पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या जपली ती यहुदी लोकांनी, आणि आपल्या कोकणातील बेने इस्राएल बंधूही हाच मीखा वाचतात. त्यांच्याविषयी कठोर बोलून आपले म्हणणे खरे होत नाही. मरीया, योसेफ, मंदिरात वाट पाहणारा वृद्ध शिमोन आणि हन्ना, ही सर्व त्याच लोकांतली होती.

आता मत्तयाकडे येऊ. पूर्वेकडून मागी लोक यरुशलेमेत आले आणि यहुद्यांचा राजा कोठे जन्मला, असे विचारू लागले. त्यांना ताऱ्याने इतक्या दूर आणले होते. तरी बेथलेहेमचे नाव त्यांना त्या वेळी ताऱ्याने सांगितले नाही, ते शास्त्रातूनच कळावे लागले. हेरोदाने मुख्य याजक व शास्त्री यांना जमवून विचारले, आणि त्यांनी तत्काळ उत्तर दिले. पाने चाळावी लागली नाहीत, वाद झाला नाही. मीखाचे वचन त्यांच्या जिभेवर होते. मी थांबतो तो येथे. यरुशलेमेहून बेथलेहेम सहा मैल, म्हणजे अवघे तीन कोस. सकाळी निघालेला मनुष्य न्याहारीच्या सुमारास पोहोचावा इतकी ती वाट. मागी लोक परदेशाहून आले आणि तेवढी वाटही चालून गेले. शास्त्र्यांपैकी एकही त्यांच्याबरोबर निघाल्याचे मत्तय सांगत नाही.

ते का गेले नाहीत? हेरोदाचे भय असेल. नवा राजा जन्मल्याचे ऐकून सारे यरुशलेम घाबरले, असे मत्तय लिहितो. किंवा हे परदेशी लोक आपणांस काय शिकविणार, असेही त्यांस वाटले असेल. माझा तर्क याहून साधा आहे. ठिकाण माहीत असल्यामुळे आपण तेथे पोहोचलोच आहोत, असे त्यांस वाटले असावे. ज्याला वाट ठाऊक नसते तो विचारीत विचारीत चालतो. ज्याला ती तोंडपाठ असते तो ओट्यावर बसून इतरांना दाखवितो.

आणि हेरोदाचे पाहा. त्याने वचनावर अविश्वास धरला असे कोणास म्हणता येणार नाही. त्याने ते अक्षरशः खरे मानले, म्हणून तर त्याने आपली माणसे नेमकी त्याच गावी पाठविली आणि तेथील दोन वर्षांची व त्याहून लहान बालके मारविली. एकाच वचनाने मागी लोकांना गुडघे टेकावयास नेले आणि एका राजाच्या हाती तलवार दिली. शास्त्री मात्र होते तेथेच राहिले.

मत्तयाने दिलेले शब्द मीखाच्या शब्दांशी ताडून पाहणाऱ्याला एक फरक आढळेल. मीखा बेथलेहेमला लहान म्हणतो. मत्तयात ते मुळीच कनिष्ठ नाही असे आहे. याने काही वाचक गडबडतात. मला यात विरोध दिसत नाही. मीखा जन्माच्या आधी बोलत होता आणि मत्तय जन्मानंतर लिहीत होता. मधल्या काळात त्या गावात जे घडले त्यानंतर त्याला कनिष्ठ कोण म्हणेल?

योहानाच्या सातव्या अध्यायात हेच वचन पुन्हा भेटते, आणि तेथे ते अडखळण बनते. लोक म्हणतात, ख्रिस्त तर बेथलेहेमातून यावयाचा, हा गालीलाचा. वचन त्यांना बरोबर ठाऊक होते. येशूला किंवा त्याच्या आईला "आपला जन्म कोठला?" एवढे विचारावयाचे होते, ते मात्र कोणी विचारल्याचे लिहिलेले नाही.

उपदेशक बंधूंनो, शास्त्र्यांचे जे काम तेच आपले आहे, आणि ते हलके नाही. त्यांनी सांगितले नसते तर मागी लोक यरुशलेमेच्या गल्ल्यांतच हिंडत राहिले असते. परंतु आपल्या मंडळ्यांची स्थिती काय आहे? आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील गावकुसाबाहेर राहिले. मोजणीत न येणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही. त्यांच्याच नातवंडांत सोयरीक जुळविताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते, आणि प्रभुभोजनास कोणाच्या आधी व कोणाच्या मागून जावे याचा हिशेब मनात ठेवणारे लोकही आहेत. ओढ्यापलीकडच्या वस्तीतील एखादे घर नव्याने प्रभूकडे वळलेले असते. त्यांच्याकडे पाळक जातो, पण मंडळीतले किती जण जेवावयास बसतात? नाताळच्या उपासनेत मात्र बेथलेहेमच्या लहानपणाचे वचन आपण सर्व मिळून मोठ्याने म्हणतो.

मीखाचे पुस्तक सात अध्यायांचे आहे. सावकाश वाचले तरी तासाभराच्या आत वाचून होते. माझी सूचना अशी की, यंदा नाताळच्या आधीच्या एका संध्याकाळी ते पुस्तक मंदिरात न वाचता, मंदिरापासून सर्वांत दूर असलेल्या आणि ज्याच्याकडे आपले लोक सहसा जात नाहीत अशा घरी जाऊन वाचावे. साऱ्या मंडळीने तेथे चालत जावे. वाचन झाल्यावर उपदेशकाने काही बोलू नये; त्या घरच्या माणसांनी काय ऐकले, ते प्रथम त्यांनाच विचारावे, आणि त्यांनी जे पाणी व जी भाकर पुढे ठेविली असेल ती घेऊन मग सर्वांनी परतावे.