अनाहूत पाहुणा आणि तडजोडीचा प्रश्न

'अतिथी' म्हणजे ज्याच्या आगमनाची तिथी ठरलेली नाही असा. नाटककाराला हा पाहुणा मोलाचा वाटतो, कारण तो उंबरठ्यावर आला की घराने स्वतःविषयी जपलेला समज कसोटीला लागतो. फ्रीडरिश ड्यूरेनमाट यांच्या १९५६ सालच्या प्रसिद्ध नाटकात विपन्न ग्युलेन गाव आपल्या धनाढ्य माहेरवाशिणीची वाट पाहत असते. पण ती न थांबणाऱ्या गाडीची साखळी ओढून वेळेआधीच उतरते. तरुणपणी आपल्याला फसवणाऱ्या इलचा जीव घेतल्यास एक अब्ज देऊ, असा तिचा प्रस्ताव असतो. गाव बाणेदारपणे नकार देते. मग उधारीवर नवे बूट घेऊ लागते. आणि अखेर न्यायाचे नाव घेऊन इलला ठार करते. तडजोड एका क्षणी होत नाही, ती हप्त्याहप्त्याने होते, हे या नाटकाचे मर्म.

१९६४ साली बर्नहार्ड विकी यांनी या नाटकावर चित्रपट केला. इन्ग्रिड बर्गमन आणि अँथनी क्विन त्यात प्रमुख भूमिकांत होते. तेथे गाव मृत्युदंड फर्मावते, पण ती स्त्रीच तो रोखते. जिवंत राहिलेल्या माणसाने आपल्याच मारेकऱ्यांमध्ये दिवस कंठावे, ही शिक्षाही भीषण आहे, असा युक्तिवाद करता येईल. तथापि नाटकातील प्रेक्षक हत्या पाहून उठतो, चित्रपटातील प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकून. मूळ शेवट ज्याला ठाऊक नाही, त्याला आपल्यापासून काय काढून घेतले गेले हे कधीच कळत नाही.

आता आपल्या रंगभूमीकडे वळू. १९७० साली श्रीराम लागू यांनी विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' रंगमंचावर आणले, तेव्हा साडीवरील रक्ताच्या लाल डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. येथे अनाहूत पाहुणा संहितेत नव्हता, तो नाट्यगृहाच्याच दारात उभा होता. डाग निळा करण्यात आला. मात्र निळा दिसणारा हा डाग लाल समजावा, असे निवेदन प्रयोगापूर्वी करण्यात येऊ लागले. आज्ञा पाळली गेली आणि त्याच वेळी तिचे स्वरूपही उघड झाले.

तडजोड केली म्हणून कलावंत भ्रष्ट होतो, हे मत सोपे आहे आणि अन्यायाचेही. प्रयोगच न होणे हीही एक हानी असते. नैतिक प्रश्न वेगळाच आहे: दिलेली किंमत प्रेक्षकाला दाखवली की त्याच्यापासून लपवली? रंगभूमीला प्रेक्षकाशी थेट बोलता येते, पडद्याला ती सोय नाही, हा फरक मान्य करावाच लागेल. पण म्हणूनच चित्रपटकर्त्याची जबाबदारी अधिक वाढते. निळ्या डागाने प्रेक्षकाला साक्षीदार केले. बदललेल्या शेवटाने त्याला नकळत ग्युलेनचा नागरिक करून टाकले.