प्रमाण एकास सत्त्याऐंशी

तयार रूळ विकत आणले असते, तर बोरघाटातल्या रेल्वेचं माझं मॉडेल केव्हाच उभं राहिलं असतं. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांत 1676 मिलिमीटर अंतर असतं. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात ते साधारण 19.3 मिलिमीटर भरतं. दुकानात या प्रमाणाचे रूळ मिळतात ते 16.5 मिलिमीटरचे, कारण ते परदेशातल्या 1435 मिलिमीटरच्या गेजवरून काढलेले. आपल्याकडे हा छंद करणारे बरेच जण तेच वापरतात आणि त्यात वावगं काही नाही. पण त्या रुळांवर आपली गाडी उभी केली की तिचा ऐसपैस पवित्रा जातो, ती अंग चोरून उभी राहिल्यासारखी दिसते. मला ते बघवेना.

म्हणून रूळ हातानं करायला घेतले. मधले स्लीपर लाकडी पट्ट्यांचे, आणि दर चार-पाच स्लीपरांनंतर एक पट्टी तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाची. रूळ डाग देऊन तिच्यावर बसवायचे. डाग देण्याआधी पट्टीच्या मधोमध तांब्याचा थर कानशीनं तोडायचा, नाहीतर एका रुळातली वीज दुसऱ्यात जाते आणि सगळंच शॉर्ट होतं. ती चीर केसाएवढी असते, रंगाखाली झाकून जाते. रूळ रुंद झाले की चाकांचे आस लांब करावे लागतात, आस लांब झाले की इंजिनाचा सांगाडाही नव्यानं कापावा लागतो. एका हट्टापायी अख्खी गाडी हातानं करायची वेळ आली. तीन मिलिमीटरांपेक्षाही कमी असा हा फरक, पण त्यासाठी घेतलेल्या कष्टाचा मला अभिमान आहे. या अभिमानात प्रामाणिकपणा किती आणि मिरवणं किती, हे मला स्वतःला विचारायचं आहे.

मी करतोय ते घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन. सरळ चढायला डोंगरानं जागा दिली नाही, तेव्हा इंजिनिअरांनी गाडी डोंगराच्या सोंडेवर नेऊन थांबवली, तिची दिशा उलटी केली आणि उरलेला चढ दुसऱ्या अंगानं चढवला. मार्ग 1863 मध्ये खुला झाला. चढ काही ठिकाणी सदतिसास एक, वाटेत पंचवीस बोगदे. सुटलेली गाडी अडवायला चढाच्या दिशेनं वळवलेल्या कॅच साइडिंग. 1929 मध्ये मार्ग बदलला आणि हे स्टेशन बंद झालं.

पूर्ण घाट सुमारे पावणेसोळा मैलांचा. माझ्या प्रमाणात त्याची लांबी 290 मीटरच्या पुढे जाते आणि उंची सहा मीटरांवर. घरातल्या खोलीत हे मावणार कसं? तेव्हा मी दरी उथळ केली, वळणं आखडली, मधले बोगदे गाळले. हे सगळेच करतात, केल्यावाचून इलाज नाही. म्हणजे रुळांच्या अंतरात दशांश मिलिमीटर सोडायचा नाही आणि डोंगराचे मात्र मैलच्या मैल सोडायचे, असा माझा खरेपणा आहे. तो कुठे लागू करायचा हे मीच ठरवतो.

पुतणी आली की म्हणते, काका, यावरून डेक्कन क्वीन सोडा ना. मी दर वेळी नाही म्हणतो. डेक्कन क्वीन 1 जून 1930 ला सुरू झाली, तोवर या स्टेशनात गाड्या यायच्या बंद झाल्या होत्या. माझं उत्तर बिनचूक आहे. पण ते देताना मला एक सुख होतं, आणि ते इतिहासाच्या प्रेमातून येतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. या फळीवर काय घडलं आणि काय नाही, हे ठरवणारा मी आहे, याचं ते सुख आहे. घरातल्या एका खोलीवर, कितीतरी रविवारांवर मी हा हक्क सांगत आलो आणि घरच्यांनी तो मुकाट्यानं मान्य केला. त्याचा हिशेब त्यांच्याशीच बोलून करायचा आहे.

खरी बोच वेगळी आहे, आणि ती कातळ कोरताना लागली. सह्याद्रीचा खडक थरांचा, लाव्ह्याच्या एका थरावर दुसरा. प्लास्टर अर्धवट ओलं असतानाच दाभणानं आडव्या रेघा ओढायच्या, मग उभ्या भेगा, मग काजळीचं पाणी सोडायचं. ते भेगांत उतरतं आणि पांढऱ्या ढेकळाचा काळा पत्थर होतो. जिथे माणसांनी डोंगर फोडला तिथे सुरुंगाच्या भोकांच्या अर्ध्या नळ्या दिसायला हव्यात, म्हणून मी त्याही कोरल्या. खऱ्या घाटात ती भोकं पहार आणि घण घेऊन माणसांनी पाडली होती. कड्यावर उभं राहायला जागा नसे, तिथे त्यांना दोरांनी खाली सोडत.

1861 च्या सुरुवातीला या कामावर बेचाळीस हजारांहून जास्त माणसं होती. खांद्याला खांदा लावून, प्रत्येकाला दोन फूट जागा देऊन ती उभी केली, तर रांग पंचवीस किलोमीटर होते, म्हणजे जवळजवळ घाटाइतकीच. पटकीनं, तापानं, दरडींनी, सुरुंगांनी त्यांतली हजारो माणसं गेली. 1859 मध्ये मजुरीवरून दंगा झाला आणि फॅव्हिएल या कंत्राटदारानं काम सोडलं. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, काम तडीला नेलं. मुख्य इंजिनिअर बर्कली मार्ग खुला होण्याआधीच गेला. ही नावं पुस्तकांत आहेत. आपल्या बाजूचं लोकांनी जपलेलं नाव एकच, शिंगरोबा. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा आणि त्यांच्याच हातून मेलेला हा धनगर. ती दंतकथा असेल, पण त्याच्या देवळापुढे रस्त्यावरच्या गाड्या अजून थांबतात.

माझ्या फळीवर मजूर नाहीत. कारण माझ्याकडे तयार आहे: मी 1920 नंतरचा काळ निवडलाय, बांधकाम केव्हाच संपलं होतं. हे उत्तरही डेक्कन क्वीनच्या उत्तराइतकंच बिनचूक आहे. पण तो काळ मी का निवडला? इंजिनं देखणी, स्टेशन झाडलेलं, धूर, शिट्टी, सिग्नलचे हात. ज्या काळी हा डोंगर माणसं खात होता तो मी टाळला, कारण तो सुंदर दिसला नसता. गाडीवरचं माझं प्रेम खोटं नाही. मात्र हे प्रेम नको ते न बघण्याची मुभाही देतं, आणि ती मी आनंदानं घेतली आहे.

मग मजूर करावेत का? तारेच्या सांगाड्यावर पुट्टी चढवून माणूस करता येतो, एकोणीस मिलिमीटर उंचीचा, डोक्यावर पाटी दिलेला. दोन करून पाहिले. ते छान झाले आणि तीच अडचण झाली. बघणारा म्हणेल, काय बारीक काम आहे! दोरावर लोंबकळणारा माणूस माझ्या कसबाचा नमुना होऊन बसेल. ज्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, त्याला शोभेसाठी पुन्हा कामाला लावायला मन धजत नाही. ते दोघे डबीत आहेत.

प्रदर्शनात मॉडेलपुढे पाटी ठेवतात. तिच्यावर मी 'सर्व भाग हाताने बनवलेले' असं लिहिणार होतो. आता पाटीचा मजकूर बदलतोय. आधी बेचाळीस हजार माणसं, पटकी, दोर आणि सुरुंगाची भोकं, मग गेज आणि प्रमाण, आणि खाली माझं नाव. भोकं कोरलेला कातळ मागच्या बाजूला आहे, समोरून दिसत नाही. फळी फिरवून तो पुढे आणायचा, तर स्टेशनचा देखणा भाग अर्धा झाकला जातो. मी फळी फिरवणार आहे.