उबेची वाटणी

काकतीत डिसेंबरच्या अखेरीससुद्धा पहाटेचा पारा बारा-तेरा अंशांच्या खाली क्वचितच उतरतो, आणि थंडीचा सगळा बंदोबस्त वाकळ, घोंगडी, परसातला तांब्याचा बंब व मळ्यातली शेकोटी एवढ्यावर भागतो. तेव्हा घर तापविणाऱ्या रेडिएटरांची आणि त्यांच्यावरील व्हॉल्व्हांची चर्चा येथे बसून करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय, असे कोणी म्हटल्यास त्याला चटकन खोडून काढता येणार नाही. परंतु बेळगाव, काकती, संकेश्वर, निपाणी अशा एकाच महामार्गाच्या काठाने वसलेल्या या मुलखातून जी मुले शिकून इंग्लंड-जर्मनीकडे गेली, त्यांच्याकडे बाळंतपणासाठी किंवा नातवंडांच्या ओढीने हिवाळाभर राहून आलेले आईवडील आता इकडे विरळा राहिलेले नाहीत. आणि त्यांच्या प्रवासवर्णनात राजवाडे व बागा यांच्यानंतर, किंचित खालच्या आवाजात, भिंतीलगतच्या रेडिएटरवरील त्या छोट्या पांढऱ्या डोक्याचाही उल्लेख येतो, ज्याला हात लावू नये अशी ताकीद मुलाने पहिल्याच दिवशी दिलेली असते.

त्या ताकिदीमागचा प्रश्न वरवर अगदी साधा आहे. घरात चार-पाच खोल्या आहेत, प्रत्येकीत गरम पाण्याचा रेडिएटर आहे; तर भिंतीवर एकच थर्मोस्टॅट लावून सबंध घर एका मापाने तापवावे, की प्रत्येक रेडिएटरवर स्वतंत्र ‘स्मार्ट’ व्हॉल्व्ह बसवून खोलीगणिक आणि प्रहरागणिक निराळा अंश ठरवावा? दुकानदार याला पसंतीचा प्रश्न समजतो आणि अभियंता काटकसरीचा. मला तो मुळात धर्माचा वाटतो. कारण शीत देशात ऊब ही महागाची व मोजकी वस्तू असते, ती एका छपराखालच्या माणसांत वाटावी लागते, आणि वाटणी आली की तिच्यामागोमाग हक्क, न्याय व संयम यांची प्रकरणे आल्यावाचून राहत नाहीत.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील चौदाव्या श्लोकात इंद्रियांच्या विषयस्पर्शाची गोष्ट निघते तेव्हा सुखदुःखांच्याही आधी शीत आणि उष्ण यांचे नाव घेतलेले आहे, आणि पुढे सहाव्या व बाराव्या अध्यायांत समत्वाचे लक्षण सांगताना हेच जोडपे पुन्हा पुढे येते. रणांगणावर उभ्या असलेल्या क्षत्रियाला उपदेश करताना जखमांचा किंवा मरणाचा दाखला न घेता थंडी-उन्हाचा घ्यावा, यात मोठे मर्म आहे: मरण एकदाच भेटते, हवामान रोज भेटते, आणि मनाची परीक्षा रोजच्या गोष्टीतच होते. शंकराचार्यांच्या नावावर चालत आलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेची व्याख्या याहूनही कडक आहे. आलेले दुःख निवारणाचा उपाय न करता आणि त्याबद्दल चिंता वा विलाप न करता सोसणे, असा तिचा आशय आहे. हा निकष जसाच्या तसा लावला तर रेडिएटर हा मूर्तिमंत उपायच ठरतो, आणि खोलीगणिक अंश ठरविणारा व्हॉल्व्ह म्हणजे त्या उपायाची सूक्ष्म व लाडावलेली आवृत्ती.

मात्र तो निकष कोणासाठी सांगितला आहे हे विसरून चालणार नाही. तो मुमुक्षूसाठी आहे, तान्ह्या मुलासाठी किंवा सांधे धरलेल्या आजीसाठी नाही. शरीराला व्यर्थ छळणाऱ्या तपाला गीतेनेच सतराव्या अध्यायात आसुरी ठरविले आहे. आणि चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ऋतुचर्येच्या सहाव्या अध्यायात तर हेमंतात उबदार तळघराचा व घराच्या गाभ्यातील उष्ण खोलीचा आश्रय करावा असा स्पष्ट सल्ला आहे. सबंध घर तापवा असे चरक म्हणत नाही. घरातली एक जागा तापवा आणि तेथे राहा, असे म्हणतो. तेव्हा खोलीवार उष्णतेची कल्पना पाश्चात्त्य चैनीतून निघाली या समजुतीला फारसा आधार उरत नाही. श्रौत गृहस्थाच्या अग्निशाळेत तर तीन अग्नींची तीन स्थाने होती: पश्चिमेला वाटोळा गार्हपत्य, पूर्वेला चौकोनी आहवनीय, दक्षिणेला अर्धचंद्राकृती दक्षिणाग्नी, त्यांपैकी गार्हपत्य सांभाळून ठेवायचा आणि होमाच्या वेळी त्यातूनच निखारे काढून आहवनीय सिद्ध करायचा, असा शिरस्ता होता. मूळ अग्नी एक, स्थाने अनेक, आणि प्रत्येक स्थानाचे प्रयोजन ठरलेले.

थर्मोस्टॅटचा इतिहासही या दृष्टीने उद्बोधक आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील नॉर्मल स्कूलमध्ये वॉरेन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. तळघरातील भट्टीची दारे किती उघडावीत हे ठरविण्यासाठी शिपाई वेळोवेळी वर्गात येऊन पारा पाहून जाई आणि चाललेले व्याख्यान तुटे. त्या उपद्रवाला कंटाळून जॉन्सन यांनी वर्गातील उष्णतेची वर्दी विजेच्या घंटेने तळघरात पोचविणारे यंत्र सिद्ध केले आणि १८८३ साली त्याचे पेटंट घेतले. म्हणजे हे यंत्र जन्मले ते अध्ययनात विक्षेप येऊ नये म्हणून, अंगाला गुदगुल्या व्हाव्यात म्हणून नव्हे. पुढे डेन्मार्कमध्ये डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लॉसेन यांनी १९४३ मध्ये रेडिएटरवरच बसणारा स्वयंचलित व्हॉल्व्ह शोधून काढला. आज सर्वत्र दिसणाऱ्या साध्या व्हॉल्व्हच्या डोक्यात मेण, द्रव किंवा वायू भरलेला असतो; खोलीची हवा तापली की तो फुगतो, खालची दांडी दाबतो, आणि गरम पाण्याची वाट आवळली जाते. विजेचे वा टपालाचे साहाय्य त्याला लागत नाही. काकतीजवळ महामार्गालगत ट्रकचे इंजिन उघडून बसलेल्या मिस्त्रीला यात नवल वाटणार नाही, कारण इंजिनातील थर्मोस्टॅटमध्येही असेच मेण साधारण ८२ अंशांच्या सुमारास वितळून पाण्याला रेडिएटरकडे सोडते. फरक इतकाच की तेथे उष्णता बाहेर टाकण्यासाठी वाट उघडायची असते आणि येथे ती पुरेशी झाली म्हणून वाट मिटायची असते.

स्मार्ट व्हॉल्व्हमध्ये मेणाची जागा बॅटरीवर चालणारी लहानशी मोटर घेते आणि हुकूम बिनतारी संदेशाने येतो. निवड करणाऱ्याने काही गोष्टी अगोदरच पाहून ठेवाव्यात. व्हॉल्व्हच्या आट्यांचे माप, जे बहुधा ३० मिलिमीटर व दीड मिलिमीटर अंतराचे असते, आपल्या नळाशी जुळते का, नसल्यास जोडतुकडा मिळतो का. खोलीला ऊब हवी असता तो बॉयलरला स्वतः वर्दी देऊ शकतो, की बॉयलर निजलेला असताना नुसताच उघडा पडतो. आणि रेडिएटरच्या कुशीत बसून तेथलीच ऊन हवा मोजत असल्यामुळे त्याला खोलीभर गरम झाल्याचा भास होतो काय, तसा होत असल्यास खोलीच्या दुसऱ्या टोकाला वेगळा मापक ठेवता येतो काय. ज्या खोलीत भिंतीवरचा मुख्य थर्मोस्टॅट आहे तेथील रेडिएटरवर दुसरा स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवू नये, हा जुना नियम आहे. एका खोलीत दोन कारभारी नेमले तर एक दुसऱ्याला उपाशी ठेवतो. शिवाय सगळेच व्हॉल्व्ह एकदम मिटले तर पंपाने ढकललेल्या पाण्याला परतीची वाट हवी, म्हणून एखादा रेडिएटर मोकळा ठेवावा किंवा बगल-नळाची तजवीज करावी.

याहून मोठी गोष्ट अशी की वाटण्यांनाही मर्यादा आहे. आपल्याकडील चुलीला जोडून वैल असतो, त्यावर चुलीचाच जाळ जाऊन भाताचे पाणी किंवा आमटी उकळते. पण एका चुलीला पाच वैल जोडले तर मुख्य भांडेही शिजणार नाही आणि वैलही तापणार नाहीत. एकाच लहान खोलीने ऊब मागितल्यावर मोठा बॉयलर पेटतो, क्षणात विझतो, पुन्हा पेटतो आणि इंधन व आयुष्य दोन्ही खर्ची घालतो. नव्या पद्धतीच्या कंडेन्सिंग बॉयलरला तर परतणारे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असले तरच आपला पूर्ण गुण दाखविता येतो. खोल्यांची दारे सताड उघडी असतील तर निरनिराळ्या अंशांना अर्थ राहत नाही, आणि रिकामी म्हणून अगदीच थंड टाकलेल्या खोलीच्या भिंतींना घाम सुटून बुरशी धरते. पाच खोल्यांचे पाच मुलूख करण्यापेक्षा निजण्याचा भाग व वावरण्याचा भाग असे दोन-तीन विभाग करणे, हे बहुतेक घरांत पुरेसे आणि शहाणपणाचे होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य उद्दालक आरुणीला अंतर्यामीची कल्पना समजावतात. अग्नीच्या आत राहून, अग्नीला नकळत, जो त्याचे नियमन करतो तो. थर्मोस्टॅट पाहताना हे प्रकरण हटकून आठवते, आणि साम्य कोठे संपते हेही लगेच ध्यानात येते. सांख्यांचा पुरुष पाहतो पण करीत नाही; हे यंत्र पाहते आणि करतेही, तरी त्याला थंडी वाजत नाही, म्हणून ते ना साक्षी, ना भोक्ता. त्याचा संकल्पच उसना आहे. एकवीस अंश हा आकडा यंत्राने ठरविलेला नसतो, कोणीतरी ठरवून दिलेला असतो. आणि हा कोणीतरी कोण, हे विचारल्यावाचून तितिक्षेची सगळी चर्चा पोकळ राहते.

कित्येक घरांत हा कोणीतरी म्हणजे ज्याच्या खिशात फोन आहे तो एकटा. तो कचेरीत बसून घरातल्या पाचही खोल्यांवर अंमल चालवितो, दुपारी घरी कोणी नाही असे मानून अंश सोळावर आणतो, आणि पाहुणी आलेली आई शाल गुंडाळून स्वयंपाकघरात उभी राहते, कारण पांढऱ्या डोक्याला हात लावायचा नाही. स्वतःच्या खोलीचा आकडा उतरविणे हे तप असू शकेल. दुसऱ्याच्या खोलीचा उतरविणे हे तप नव्हे, ती त्याच्या देहावर बसविलेली जमाबंदी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड ऋतूत घरातले तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ नये असे सुचविले आणि मुले, वृद्ध व रुग्ण यांना त्याहून अधिक लागू शकेल असेही नमूद केले. हा आकडा मी वैराग्याच्या प्रत्येक भाषणाच्या आधी टांगून ठेवीन.

फोनवाला तरी खरा मुखत्यार असतो काय, हाही प्रश्नच आहे. गूगलने आपल्या नेस्ट नावाच्या थर्मोस्टॅटच्या पहिल्या दोन पिढ्यांचा आधार २५ ऑक्टोबर २०२५ पासून काढून घेतला. भिंतीवर हाताने फिरविल्यास ती यंत्रे चालतात, पण फोनचे ऐकत नाहीत. ज्याला आपण मालकी समजत होतो ती कंपनीच्या मर्जीतली वहिवाट होती. म्हणून माझी पसंती अशा व्हॉल्व्हला आहे, जो इंटरनेट बंद पडले तरी हाताने फिरतो आणि ज्याचा आकडा आजीला चष्म्याशिवाय वाचता येतो.

जर्मनीतील सदनिकांत हा प्रश्न घराच्या भिंतीबाहेर जातो. तेथे १९८१ च्या नियमावलीनुसार एका इमारतीतील उष्णतेच्या खर्चापैकी किमान ५० व कमाल ७० टक्के भाग प्रत्येकाच्या मोजलेल्या वापरावर आकारतात आणि उरलेला भाग, म्हणजे निदान ३० टक्के, सदनिकेच्या क्षेत्रफळावर. हा दुसरा भाग प्रथम अन्यायाचा वाटतो. न वापरलेल्या वस्तूचे पैसे का द्यावेत? परंतु जो सगळे व्हॉल्व्ह मिटून दिवसभर बाहेर जातो त्याची जागा बर्फासारखी होत नाही, कारण वरच्या, खालच्या आणि शेजारच्या बिऱ्हाडांची ऊब भिंतींतून त्याच्याकडे झिरपत राहते. आपण काटकसर केली असे तो समजतो. प्रत्यक्षात शेजाऱ्याने नकळत दान केलेले असते. योगसूत्रांत यमांमध्ये गणलेले अस्तेय या नियमात किती बारकाईने पाळले गेले आहे! १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत आमच्या मुलखात नकाशावर राज्यसीमेची एक रेषा ओढली गेली. तिच्याबद्दलची तक्रार अजून मिटलेली नाही, पण बाजार आणि सोयरिकी ती रेषा ओलांडून चालूच राहिल्या, त्यामुळे हद्द घातली म्हणून देवघेव थांबत नाही हे आम्हां काकती-निपाणीकरांना निराळे शिकवावे लागत नाही. उष्णतेला तर खातेफोड मुळीच मान्य नाही.

यंदाच्या हिवाळ्यात परदेशी मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांना एक विनंती आहे. पोचल्याच्या दिवशीच आपल्या खोलीतला व्हॉल्व्ह कसा फिरवायचा हे मुलाकडून शिकून घ्या, आकडा १८ च्या खाली दिसला तर संकोच न करता वर न्या, आणि खोलीचे दार लावून घ्या म्हणजे मुलाचे बिलही फुगणार नाही. घोंगडी बरोबर न्यावीशी वाटली तर जरूर न्या. सामानाच्या वजनात ती सहज बसते.