साक्षीदाराशेजारी कोण बसेल?



सदरहून सिव्हिल लाइन्सकडे जाताना जिल्हा न्यायालय दिसले की आम्हांला १३ ऑगस्ट २००४ ची दुपार आठवते. त्या दिवशी कस्तुरबानगर वस्तीतील स्त्रियांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला भर कोर्टात ठार मारले. खंडणी, खून, बलात्कार अशा कृत्यांनी त्याने व त्याच्या टोळीने ती वस्ती दहा वर्षांहून अधिक काळ धाकात ठेवली होती. तक्रार केली की तक्रार करणारीचे नाव त्याच्यापर्यंत पोहोचते, असे तेथील स्त्रिया सांगत. त्या हत्येचा खटला दहा वर्षे रेंगाळला आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले.

त्या दिवशी झाले ते योग्य होते का? ‘बरे झाले’ असे आमच्यापैकी अनेकजण तेव्हा म्हणाले. त्या स्त्रियांच्या यातना पाहता त्यांना दोष द्यायला आमची जीभ आजही धजत नाही. तरीसुद्धा न्याय झाला, असे आम्हांला म्हणवत नाही. आरोपी मेला की त्याच्यावरचे खटलेही संपतात. त्याला पाठीशी कोणी घातले, खंडणीचा पैसा कोठे गेला, हे त्याला कोर्टात विचारण्याची संधी कायमची गेली. पीडितांचे दुःख खरे होते, हे निकालपत्रात लिहिले गेलेच नाही.

कायदा नव्हता असे नाही. महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध १९९९ मध्येच मोक्का केला होता. परंतु कायद्याला साक्षीदार लागतो, आणि टोळी जगते ती साक्षीदाराच्या एकटेपणावर.

इटलीतील पालेर्मो शहरात फादर पिनो पुग्लिसी आपल्या धर्मग्रामातील मुलांना माफियापासून दूर ठेवण्यासाठी झटत होते. १५ सप्टेंबर १९९३ रोजी, त्यांच्या ५६व्या वाढदिवशी, माफियाने त्यांना घराच्या दाराशी गोळी घातली. २०१३ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. त्याच शहरात २००४ साली काही तरुणांनी हप्त्याविरुद्ध चळवळ उभारली. हप्ता नाकारणाऱ्या दुकानदारांनी एकत्र यावे आणि ग्राहकांनी त्यांच्याकडूनच खरेदी करावी, असा तिचा मार्ग होता. एकट्याचा नकार त्याच्याच जिवावर बेततो. शंभर जणांचा नकार टोळीला जड जातो.

कस्तुरबानगरच्या स्त्रियाही अखेर एकत्र आल्या, परंतु तोवर त्यांचा कायद्यावरचा विश्वास संपला होता. त्याआधीच्या दहा वर्षांत आम्ही शेजारचे नागपूरकर कोठे होतो? त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात कोण गेले? कोर्टाच्या बाकावर त्यांच्या शेजारी कोण बसले? त्या स्त्रियांच्या हातांचा हिशेब मागण्यापूर्वी आम्ही आपल्या रिकाम्या हातांचा हिशेब द्यायला हवा.

आजही आपल्या गल्लीत कोणी हप्ता निमूटपणे भरत असेल, कोणी मुलगी तक्रार करायला घाबरत असेल. तिला ‘हिंमत धर’ एवढे सांगून भागणार नाही. येत्या तारखेला आपल्यापैकी दोघे-चौघे तिच्याबरोबर कोर्टात जाऊन बसू या.