मशेरी, बार आणि घराचा वाटा

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर व्यसन म्हटले की दारूच डोळ्यांसमोर येते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेल्या तंबाखूची मशेरी, चुना लावून मळलेला तंबाखूचा बार, आडकित्त्याने कातरलेली सुपारी यांना व्यसन म्हणायला कोणी सहजी तयार होत नाही. त्याला कारणही आहे. दारू घरात शिवीगाळ आणते. मशेरी कोणावर हात उगारत नाही. बाई ती दातांना लावते आणि कामाला लागते. त्यामुळे या सवयीत धर्माच्या दृष्टीने काही दोष आहे का, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतील की ज्याचा देह, त्याचे पाप-पुण्य. हे उत्तर अपुरे आहे. सवय देहशुद्धीच्या मापाने मोजली की ती खासगी ठरते आणि सुटून जाते. घरातल्या इतरांच्या वाट्यातले तिने काय घेतले, हे विचारले तर सुटत नाही.

वाटा घेतला जातो याला पुरावा आहे. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात चारही भरले नाहीत. न ओढता तंबाखू खाणारे वा लावणारे मात्र जवळपास चौथा हिस्सा होते. म्हणजे आपला प्रश्न धुराचा कमी आणि तोंडातल्या तंबाखूचा जास्त आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांची बाळंतपणापर्यंत नोंद ठेवली होती. त्यांतल्या ज्या तंबाखू घेत त्यांच्यात मशेरीच सर्वाधिक होती. इतर कारणे वजा केल्यावरही त्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका सुमारे १.४ पट निघाला. मशेरी आईने लावली आणि वजन बाळाचे घटले. त्या बाळाला कोणी विचारलेही नव्हते. देह ज्याचा त्याचा, हा युक्तिवाद इथेच मोडतो. अर्थात या आकड्यांवरून बायकांनाच दोषी धरणे अन्यायाचे होईल. बाळ काट्यावर ठेवता येते म्हणून आईच्या सवयीचा परिणाम ग्रॅममध्ये सांगता येतो. बापाच्या बाराचा हिशेब वर्षानुवर्षे होत नाही. तो होतो तो तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर, आणि तेव्हा उपचारासाठी दागिना मोडण्याची पाळी त्याच बाईवर येते.

शास्त्रात तंबाखूला बंदी कुठे आहे, असा एक आक्षेप असतो. नाहीच, आणि असणार कशी? तंबाखू पोर्तुगीजांच्या काळात या देशात आली; स्मृती त्याच्या कितीतरी आधीच्या. पण ग्रंथात नाव नसलेल्या वस्तूचा विचार धर्माने कसा करावा, हा पेच काही आपल्यालाच पडलेला नाही. मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज ज्या हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या भागातून आले, तिथे आणि समोरच्या येमेनमध्ये खात नावाच्या झुडपाचा पाला चघळण्याची जुनी रीत आहे. सोळाव्या शतकात मक्केचे शाफई धर्मशास्त्री इब्न हजर हैतमी यांच्यापुढे खातचा प्रश्न आला. त्यांनी तो सरसकट हराम ठरवला नाही. पण जिथे शंका आहे तिथे दूर राहावे, असा सल्ला दिला. श्रीवर्धन-म्हसळ्याचे कोकणी मुसलमान त्याच शाफई परंपरेतले. ती सावधगिरी योग्यच होती, पण तंबाखूच्या बाबतीत आज शंकेला जागाच उरलेली नाही. येमेनमध्ये खातने घरखर्चाचा पैसा आणि शेतीचे पाणी दोन्ही ओढून घेतले आहे. म्हणजे तिथेही सवाल शेवटी वाट्यापाशीच येतो.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. सुपारी तर पूजेत गणपती म्हणून मांडतात, विड्यावाचून मंगलकार्य होत नाही, आणि श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवर कितीतरी वाड्या जगल्या. सगळे खरे. पण पूजेतली सुपारी चघळायची नसते, आणि देवापुढे मांडल्याने ती तोंडाला निरुपद्रवी होत नाही. सुपारी तंबाखूवाचूनही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ मध्ये नोंदवून ठेवले आहे. बागायतदाराच्या पोटाचा प्रश्न मोठा आहे, त्याला उत्तरही शोधावे लागेल. ते उत्तर गिऱ्हाइकाच्या गालात शोधता येणार नाही.

खरा कठीण आक्षेप तिसरा. पहाटे उठून बंदरावर मासळी घ्यायला जाणाऱ्या कोळणीची भूक तंबाखूने मरते, शीण हलका होतो. शिवाय एकदा निकोटीनची ओढ लागली की सोडणे इच्छेपुरते राहत नाही. मग दोष कसला? मला वाटते, इथे दोष आणि जबाबदारी वेगळी करायला हवी. ओढ लागलेल्या माणसाला पापी म्हणण्यात अर्थ नाही. लाजेने तो पुडी लपवील, एवढेच. पण भूक मारायला तंबाखू लागते, तर त्या घरात अन्न कोणाला आधी आणि कोणाला शेवटी मिळते, हे विचारणे धर्माचेच काम आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. कायदा विकणाऱ्याला पकडू शकतो, ताटातली वाटणी बदलू शकत नाही.

ती बदलण्याची ताकद या किनाऱ्यावर आहे. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ पासून दासबोधाच्या निरूपणाची बैठक चालवली आणि व्यसनमुक्ती तिच्या कामाचा भाग झाली. समर्थांनी प्रपंच टाकायला सांगितलेला नाही, आणि प्रपंच म्हणजे एकत्र राहणाऱ्यांचा वाटाच. म्हणून बैठकीत, कीर्तनात, जुम्याच्या खुतब्यात हा विषय निघावा, पण तो बायकांच्या मशेरीपासून सुरू करू नये. आधी पुरुषांनी खिशातली पुडी बाहेर काढावी, आणि घरात दिवस गेलेली बाई असेल तर मशेरीचा तवा त्याच दिवशी चुलीवरून उतरवावा.